सुटका म्हणजे प्रशस्तिपत्र नव्हे




काही महिन्यांपूर्वी जुम्याच्या बयानात मी एका विमानाची हकिगत सांगितली. चाके न उघडलेले एक प्रवासी विमान पोटावर उतरले आणि आतील एकाही माणसाचा जीव गेला नाही, अशी ती हकिगत होती. बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेलो की, त्या विमानात कोणीतरी मनापासून दुआ केली असेल, म्हणूनच अल्लाहने सर्वांना वाचविले. नमाजनंतर लोक पांगले. एक वयस्कर गृहस्थ मात्र मिंबरजवळ थांबून राहिले. त्यांचा तरुण मुलगा दोन वर्षांपूर्वी महामार्गावरील अपघातात गेला होता आणि त्याच्या जनाज्याची नमाज मीच पढविली होती. ते शांतपणे म्हणाले, "मौलाना, माझा मुलगाही सफरची दुआ पढूनच घरातून निघाला होता. दारात उभा राहून मी ती ऐकली होती. मग त्याच्या दुआत काय उणे राहिले?"

त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही. "चाचा, अल्लाहची मर्जी," एवढेच मी पुटपुटलो. ते "बरोबर आहे" म्हणून निघून गेले. परंतु त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना मला जाणवले की, बचावलेल्यांची स्तुती करण्याच्या उत्साहात मी एका बापाच्या जखमेवर मीठ चोळले होते. हा लेख म्हणजे त्यांना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर होय. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा प्रश्न केव्हा ना केव्हा उंबरा ओलांडून येतो, म्हणून ते आपणा सर्वांसमोर मांडीत आहे.

प्रथम ती हकिगत नीट पाहू. कारण मी ती अर्धवट सांगितली होती.

1 नोव्हेंबर 2011 रोजी अमेरिकेतील नेवार्कहून निघालेले पोलंडच्या विमान कंपनीचे बोइंग 767 जातीचे विमान राजधानी वॉर्सा येथे पोहोचले. त्यात 220 प्रवासी आणि 11 कर्मचारी होते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात एका हायड्रॉलिक यंत्रणेतील द्रव गळून गेला होता. त्याच यंत्रणेच्या दाबावर चाके खाली येतात. ती निकामी झाली तर विजेवर चालणारी दुसरी, पर्यायी व्यवस्था असते. वॉर्साजवळ आल्यावर ही पर्यायी व्यवस्थाही चालेना. विमान तासाभराहून अधिक काळ आकाशात घिरट्या घालीत राहिले. हवाई दलाच्या दोन लढाऊ विमानांनी जवळ जाऊन पाहिले, तेव्हा चाके खरोखरच बाहेर आलेली नाहीत याची खात्री पटली. अखेर कप्तान तादेऊश व्रोना यांनी ते अवजड विमान धावपट्टीवर पोटावर उतरविले. ठिणग्या उडाल्या, अग्निशामक धावले, आणि सर्वच्या सर्व 231 माणसे सुखरूप बाहेर पडली. तो दिवस पोलंडमधील ख्रिस्ती समाजाचा सर्व संतांच्या स्मरणाचा दिवस. कोणी त्याला चमत्कार म्हटले, कोणी कप्तानाला वीरपुरुष म्हटले. राष्ट्राध्यक्षांनी त्या कर्मचाऱ्यांचा सन्मानही केला.

इथवर मी बयानात सांगितले होते. पुढचा भाग मात्र सांगितला नव्हता. चौकशी करणाऱ्यांनी विमानाची तपासणी केली, तेव्हा वैमानिकांच्या कक्षात जमिनीलगतच्या एका फलकावरील सर्किट ब्रेकर उघडा असल्याचे आढळले. आपल्या घरातील वीजपेटीत खटका पडावा, तसा तो प्रकार. पर्यायी व्यवस्थेचा वीजपुरवठा त्याच खटक्यातून जात होता. विमान उचलून तो खटका बसविला, वीज दिली, आणि चाके निमूटपणे खाली आली. आकाशात असताना ती गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

आता सांगा, याला काय म्हणावे? चमत्कार, कौशल्य की हलगर्जी?

आपल्या मनाला एकच उत्तर हवे असते. माणूस एक तर वीर असावा, नाही तर दोषी. कुरआनची शिकवण मात्र वेगळी आहे. सूरह अज्-झिल्झालच्या शेवटी (99:7-8) सांगितलेल्या तत्त्वाचा आशय असा की, कणभर भलाईही समोर येईल आणि कणभर बुराईही समोर येईल. खटका नजरेतून सुटला, ही एक नोंद. मृत्यू समोर दिसत असताना हात न कापता विमान उतरविले, ही दुसरी नोंद. एक नोंद दाखवून दुसरी खोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. उपकार करणाऱ्याचे आभार मानावेत, कारण जो माणसांचे आभार मानीत नाही तो अल्लाहचेही आभार मानीत नाही, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकविले आहे. आणि चूक शोधावी ती कोणाची अब्रू घेण्यासाठी नव्हे, तर पुन्हा कोणाचा जीव जाऊ नये म्हणून. विमान अपघातांच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियमही हेच सांगतो की, तिचा हेतू दोष लावणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे. गीबत आणि चौकशी यांतील फरक नेमका हाच आहे.

आता दुसऱ्या एका विमानाकडे वळू. 28 डिसेंबर 1978 रोजी अमेरिकेतील पोर्टलँड शहरावर एक डीसी-8 विमान असेच घिरट्या घालीत होते. चाके उतरविताना मोठा धक्का बसला होता आणि ती पक्की बसल्याचा दिवा लागत नव्हता. कप्तान प्रवाशांना आणीबाणीच्या उतरण्यासाठी तयार करण्यात आणि चाकांचा विचार करण्यात गुंतले. सुमारे तासभर गेला. इंधन संपत आल्याचे सहकारी सुचवीत होते; पण त्यांच्या शब्दांत ठामपणा नव्हता आणि कप्तानांच्या कानांपर्यंत त्यांचे गांभीर्य पोहोचले नाही. एकेक इंजिन बंद पडले आणि विमान शहराच्या उपनगरात कोसळले. आतील 189 जणांपैकी 10 जण मृत्यू पावले. या दुर्घटनेनंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणाची दिशाच बदलली. कनिष्ठाने स्पष्ट बोलावे आणि वरिष्ठाने ऐकावे, हे शिस्त म्हणून शिकविले जाऊ लागले.

त्या विमानातही माणसांनी देवाचा धावा केलाच असेल. मग वॉर्साचे 231 अल्लाहला प्रिय आणि पोर्टलँडचे 10 अप्रिय, असे म्हणण्याचे धाडस आपण करणार काय? माझे बयान नकळत तेच म्हणत होते.

सूरह अल्-फज्रमध्ये (89:15-17) माणसाच्या या खोडीचे वर्णन आहे. सुख मिळाले की तो म्हणतो, माझ्या पालनकर्त्याने माझा सन्मान केला. आणि हात आखडला गेला की म्हणतो, त्याने माझा अपमान केला. अल्लाहने या दोन्ही समजुती एकाच नकाराने फेटाळल्या आहेत. देणे हीही परीक्षा आणि न देणे हीही परीक्षा. दोहोंतले काहीही प्रशस्तिपत्र नव्हे.

याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर सरग येथे पोहोचले, तेव्हा पुढे प्लेगची साथ असल्याचे कळले. त्यांनी मुहाजिर, अन्सार आणि कुरैशमधील ज्येष्ठ अशा सर्वांशी सल्लामसलत केली आणि परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा की, होय, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. हा प्रसंग आपण नेहमी तदबीरचे महत्त्व सांगण्यासाठी ऐकवितो आणि तिथेच थांबतो. थोडे पुढे जा. उमर (रजि.) परतले आणि जगले. अबू उबैदा (रजि.) त्याच साथीत वारले. ते कोण होते? हयातीतच जन्नतची शुभवार्ता मिळालेल्या दहा सहाबींपैकी एक! आता या दोघांत कोणाची दुआ कमी पडली, असे म्हणावे?

आणि खुद्द प्रेषित (स.)? त्यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम दूधपित्या वयात वारले. प्रेषितांचे डोळे भरून आले. त्यांच्या दुआपेक्षा श्रेष्ठ दुआ कोणाची असणार? त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले आणि लोक म्हणू लागले की, इब्राहीमच्या मृत्यूमुळेच हे घडले. पुत्रवियोगाच्या त्या घटकेलाही प्रेषितांनी लोकांना थांबविले. सूर्य आणि चंद्र यांना कोणाच्या मरणामुळे वा जगण्यामुळे ग्रहण लागत नाही, हे समजावून सांगितले. स्वतःच्या घराच्या गौरवासाठीसुद्धा त्यांनी निसर्गातील घटनेला खोटा अर्थ चिकटू दिला नाही. मी मात्र मिंबरवरून तो सहज चिकटविला.

मग दुआ करावी तरी कशासाठी? हदीसमध्ये आले आहे की, पाप आणि नातेतोड यांपासून मुक्त असलेली दुआ वाया जात नाही. मागितलेले इथेच मिळते, किंवा ते आखिरतसाठी राखून ठेवले जाते, किंवा तेवढेच एखादे संकट दूर केले जाते. त्या मुलाने दारात पढलेली दुआ यांपैकी कोणत्या वाटेने स्वीकारली गेली, हे मला माहीत नाही. ते कोणत्याच इमामाला माहीत असणे शक्य नाही. ती ऐकली गेली, एवढा माझा ईमान आहे.

दुआ जशी आपली जबाबदारी, तशी तदबीरही. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण आपण मुलांना पाठ करून देतो. परंतु आपले वर्तन कसे असते? मोटारसायकलचा ब्रेक ढिला आहे हे ठाऊक असून आपण बिस्मिल्लाह म्हणून निघतो. घरातला धाकटा म्हणतो, "अब्बा, तुम्हाला झोप येतेय, थोडे थांबू या," आणि आपण त्याला गप्प बसवितो. आणि काही विपरीत घडले की, "तकदीरमध्ये होते" असे म्हणून चौकशीचे दार लावून घेतो. तकदीर हे दुःखी मनाचे सांत्वन आहे. हलगर्जीपणाचे पांघरूण नव्हे. बद्रच्या वेळी हजरत हुबाब (रजि.) यांनी मुक्कामाच्या जागेबद्दल थेट प्रेषितांना वेगळा सल्ला दिला आणि प्रेषितांनी तो स्वीकारला, असे सीरतच्या ग्रंथांत येते. मग आपल्या घरातील धाकट्यांचे बोलणे ऐकण्यात आपला कोणता मान कमी होतो?

रत्नागिरी-रायगडपासून मराठवाड्यापर्यंत आपल्या कितीतरी घरांतील मुले आखाती देशांत आहेत आणि कितीतरी वडीलधारे हज-उमराहला जातात. विमान सुखरूप उतरले की आपण अल्हम्दुलिल्लाह म्हणतो. ते अवश्य म्हणावे. सूरह यूनुसमध्ये (10:22-23) वादळात सापडलेल्या नावेतील माणसांचा उल्लेख आहे. ती संकटात निष्ठेने अल्लाहला हाक मारतात आणि किनारा लागताच पुन्हा बंडखोरी करू लागतात. तिथे दोष हाक मारण्याला दिलेला नाही, किनाऱ्यावरील वर्तनाला दिला आहे. म्हणजे सुटका हे आपल्या पुण्याईचे बक्षीस समजू नये. ती वाढवून मिळालेली मुदत आहे, आणि तिचा हिशेब द्यावा लागणार आहे.

गेल्या आठवड्यात मी त्या चाचांच्या घरी गेलो आणि माझे शब्द चुकले होते, असे त्यांना सांगितले. त्यांनी मला बसविले, चहा दिला आणि बराच वेळ आपल्या मुलाविषयी बोलत राहिले. मी फक्त ऐकत होतो. उठताना आम्ही दोघांनी मिळून त्याच्यासाठी मग्फिरतची दुआ केली.

अल्लाह आपणास सावध हात, ऐकणारे कान आणि दुसऱ्याचे दुःख ओळखून बोलणारी जीभ देवो. आमीन.