पाच स्टार आणि समोरच्या काकूंचा कूलर

गेल्या मे महिन्यात समोरच्या काकूंनी मला जिन्यात थांबवलं आणि हळूच विचारलं, "तुमचा एसी रात्री किती वाजेपर्यंत चालते रे?"

मी म्हटलं, "सकाळी पाचपर्यंत. का हो काकू?"

"काही नाही. माझ्या कूलरात गरम हवा येऊन राहिली, म्हणून विचारलं."

यावर मी म्हणालो, "काकू, पाच स्टारचा आहे आमचा."

काकूंनी मान डोलावली आणि पिशवी घेऊन वर गेल्या. मला मात्र ते वाक्य अजून टोचतं. त्यांनी एक विचारलं होतं आणि मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. तेही जरा छाती फुगवूनच.

नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना आमची बिल्डिंग वेगळी सांगायला नको. दोन विंग, मध्ये सात फुटांचा बोळ. आमच्या बेडरूमची खिडकी त्या बोळात उघडते, काकूंचीही तिथेच, अगदी समोरासमोर. त्यांच्या खिडकीला बाहेरून कूलर लावलेला, वाळ्याच्या ताट्यांचा. आमच्याकडेही पंचवीस वर्षं तसाच होता. दुपारी त्यात पाणी भरणं हे माझं लहानपणचं काम. पण बाबांची बायपास झाली आणि त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना रात्र रात्र झोप लागेना. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की कूलर नुसता चिकट वारा फेकतो, तेव्हा तर हालच. एसी घ्यायचा हे ठरवायला आम्हाला पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि त्याबद्दल मला आजही अपराधी वाटत नाही. बाप झोपला पाहिजे. बस.

कोणता घ्यायचा, याचा मात्र मी दोन रविवार काथ्याकूट केला. स्टारचं लेबल नीट वाचलं. त्यावर वर्षाला किती युनिट लागतील हे छापलेलं असतं आणि ते वर्षाला १६०० तास धरून काढलेलं असतं. दीड टनाचा तीन स्टारवाला साधारण हजार युनिट, पाच स्टारवाला आठशेच्या आतबाहेर. दुकानात दोघांच्या किमतीत नऊ हजारांचा फरक होता. आमच्या बिलात युनिटमागे अकरा रुपये धरले तर चारेक वर्षांत तो फिटत होता. शिवाय, कशाला खोटं बोलू, पाच स्टार घेण्यात एक चांगलं वाटणंही होतं. घराच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असेल तेव्हा कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. वीज ग्रिडमधून येते, आमची नेमकी तिथलीच असं म्हणता येत नाही. पण तिथे कोळसा जळतो हे डोळ्यांसमोर असतं, आणि आपण त्यातला थोडा वाचवतोय असं वाटलं की चोवीसवर लावलेला एसी आणखी गार लागतो.

काकूंशी बोलणं झाल्यावर दोन दिवसांनी मी पुन्हा आकडेमोड करायला बसलो. या वेळी बिलाची नाही.

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. एक टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी, साडेतीन किलोवॉट. आमचा दीड टनाचा, म्हणजे पूर्ण जोरात असताना खोलीतून सव्वापाच किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर. त्यात तो स्वतः खातो ती वीज मिळवायची, कारण तीही शेवटी उष्णता होऊन बाहेरच पडते. पाच स्टारवाला अशा वेळी समजा एक पूर्णांक पस्तीस किलोवॉट घेतो, तीन स्टारवाला एक पूर्णांक पासष्ट. म्हणजे बोळात पडणार एकाचे साडेसहाच्या वर, दुसऱ्याचे सात किलोवॉटला थोडे कमी.

माझ्या बिलात ज्या फरकानं वीस टक्क्यांची बचत होत होती, तोच फरक काकूंच्या खिडकीपाशी चार-पाच टक्क्यांवर आला होता. हजार वॉटच्या सात इस्त्र्या गरम करून कोणाच्या खिडकीसमोर ठेवायच्या आणि सांगायचं, काळजी करू नका, साडेसहाच आहेत. मी जिन्यात नेमकं हेच सांगितलं होतं.

कूलर बिचारा बाहेरचीच हवा आत ओढतो. पाणी उडून जाताना हवा गार होते, एवढंच त्याचं तंत्र. ओढायची हवाच आधी तापलेली असेल तर ताट्यांतून येणारी हवाही तितकी गार होत नाही. पाणी तितकंच, आवाज तितकाच, गारवा कमी.

लेबल खोटं नाही. ते एक प्रश्न विचारतं आणि त्याचं प्रामाणिक उत्तर देतं: या यंत्रात घातलेल्या विजेचा, ती घालणाऱ्याला किती उपयोग होतो? बाहेरच्या माणसाचा रकाना त्यात नाही. आतल्या गॅसचाही नाही. आमच्या एसीत आर-३२ आहे. तो गळला तर शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापवतो. जुन्या आर-२२ पेक्षा खूप बरा, पण स्टार मोजताना त्याचा विचार नसतो. आमच्या गावाचा उन्हाळाही त्यात पुरता मावत नाही, कारण वर्षाचा तो हिशोब बाहेर २४ ते ४३ अंश धरून केलेला आहे. ४३ च्या पुढे काय होतं ते मे महिन्यात आमच्याकडे येऊन बघा.

माझी चूक लेबल वाचण्यात झाली नव्हती. 'कार्यक्षम' हा शब्द मी 'योग्य' या अर्थानं वापरायला लागलो, तिथे झाली होती. पाच स्टार घेतला म्हणजे माझ्या वाट्याचं नैतिक काम संपलं, पावती मिळाली. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सनं १८६५ मध्ये कोळशाबद्दल लिहिलं होतं की तो काटकसरीनं वापरणारी यंत्रं आली की त्याचा एकूण खप उलट वाढतो. आमच्या घरात त्याची सिद्धता पहिल्याच महिन्यात झाली. एसी बाबांच्या झोपेसाठी होता. पंधरा दिवसांत मी दुपारी लॅपटॉप घेऊन त्याच खोलीत बसायला लागलो. आई विचारायची, तर उत्तर तयार: पाच स्टारचा आहे.

एक मित्र म्हणाला, "मग काकूंनी पण घ्यावा एसी. हप्त्यावर मिळतो." घेऊ शकतील कदाचित. पण मग त्यांची हवा आमच्या खिडकीत, आमची त्यांच्या, आणि बोळात वर-खाली आणखी सहा खिडक्या. ज्याला परवडत नाही त्याच्याकडे सगळ्यांची उष्णता जमा. शिवाय माझ्यामुळे तापलेली हवा गार करायला काकूंनी चाळीस हजार का द्यावेत, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. त्यानं विषय बदलला.

यंदा मार्चमध्ये आम्ही आऊटडोअर युनिट बोळातून काढलं. रस्त्याकडची आमची स्वतःची गॅलरी, तिथे बसवलं. मेकॅनिकनं आधी मला वेड्यात काढलं. बोळात सावली आहे, पाइप तीन मीटरचा पुरतो. गॅलरीपर्यंत नऊ मीटर, हॉलच्या भिंतीवरून. पाइप लांबला की गारवा थोडा घटतो आणि वीज थोडी जास्त लागते. म्हणजे पाच स्टारसाठी जे जास्तीचे पैसे मोजले त्यातले काही मी स्वतःच्या हातानं परत घालवले. तांब्याचा पाइप, वायर, मजुरी मिळून साडेसात हजार वेगळे. हॉलमध्ये टीव्हीच्या वरून जाणारी ती पांढरी पट्टी दिसते भयंकर.

आईचा राग पट्टीवर नव्हता, गॅलरीवर होता. तिथे तिची तुळस, तिथेच कुरडया वाळत घालायच्या, आणि संध्याकाळी बाबांची खुर्ची. "आपल्याच दारात भट्टी लावून ठेवली," ती म्हणाली. बरोबरच होतं. रस्त्याच्या मोकळ्या हवेत ती उष्णता पांगते, पण गॅलरीत उभं राहिलं की आता कळतं आम्ही रोज रात्री बाहेर काय टाकतो. बोळात होती तेव्हा आम्हाला खरंच कळत नव्हतं, कारण ती खिडकी आम्ही घट्ट बंद ठेवत होतो.

तुळस हॉलच्या खिडकीत आली. दुपारचा एसी बंद झाला, निदान एप्रिल निम्मा होईपर्यंत तरी. परवा काकू जिन्यात भेटल्या. मी मुद्दाम काही विचारलं नाही, पण त्या म्हणाल्या, "यंदा कूलर बरा चालून राहिला. ताट्या बदलल्या ना मी."

"हो का?" म्हटलं मी.