प्रश्न कोणाचा, उत्तर कोणाला?

कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे, धारवाडचे कृषी विद्यापीठ १९८६ चे, बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चे. सीमाभागाला विद्यापीठांची वाण नाही. विद्यापीठाने समाजाच्या उपयोगी पडावे, याविषयीही कोणाचे दुमत नाही. पण उपयोग कशात आहे, हे ठरवायचे कोणी?

निपाणीचे उदाहरण घ्या. तंबाखूच्या वाणांवर तेथील कृषी संशोधन केंद्रात काम झाले. परंतु १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले, तेव्हा त्यांचा प्रश्न वाणाचा नव्हता, भावाचा होता. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी प्राणास मुकले. पीक वाढवण्याचे शास्त्र खोटे नसते. पण पीक वाढून भाव पडला तर ते शास्त्र कोणाच्या कामी आले? वखारीत तंबाखूची धूळ छातीत घेणाऱ्या बायांचा प्रश्न तर आणखी वेगळा. शेतकऱ्याला भाव हवा, बाईला मोकळा श्वास हवा. गाव एका तोंडाने बोलत नसते. म्हणून ‘गाव मागेल ते द्या’ म्हणून भागत नाही. कोणाचे म्हणणे अजून कानी आलेले नाही, ते शोधणे हे संशोधकाचे पहिले कर्तव्य.

दुसरे कर्तव्य उत्तराचे. वडगाव मावळच्या केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी भात निघाले. ते बेळगाव-खानापूरच्या शिवारातही रुजले. बियाण्याला भाषा लागत नाही, प्रबंधाला लागते. हिंडलग्यात १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांचे स्मारक आहे. भाषेची किंमत या गावाला सांगायला नको. येथील शेतकऱ्याचे बोलणे मराठीत, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये आणि त्याच्याच मातीवरचा प्रबंध बहुधा इंग्रजीत. आपल्याविषयी काय लिहिले गेले, हे त्याला कळावे कसे?

विद्यापीठ म्हणजे शेतकी खाते नव्हे, ज्ञानाला स्वातंत्र्य हवे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु काय शोधावे याचे स्वातंत्र्य म्हणजे ज्यांच्याकडून घेतले त्यांना परत न देण्याची मुभा नव्हे. ऋषिऋण अध्ययनाने फिटते, असे आपले पूर्वज मानीत. माहिती देणाऱ्याचे ऋण मात्र नुसत्या अध्ययनाने फिटत नाही. पदवीपूर्वी प्रबंधाचे सार त्या गावच्या चावडीत, गावच्या भाषेत वाचले जावे. आणि कोणी उठून ‘हे असे नाही’ म्हणाले, तर तेही प्रबंधात यावे. एवढे झाले तर परीक्षकांच्या सहीला खरे वजन येईल.