लाकूडफाटा आणि जेवणाचं बिल

अमेरिकन फुटबॉलच्या डॅलस काउबॉइज संघात 2010 साली डेझ ब्रायंट हा नवा खेळाडू आला. सराव शिबिरात रॉय विल्यम्स या ज्येष्ठ सहकाऱ्याचे खांद्याचे पॅड उचलून न्यायला त्याने नकार दिला. मला खेळायला घेतलंय, दुसऱ्याचं सामान वाहायला नाही, असं त्याचं म्हणणं. काही आठवड्यांनी सहकारी त्याला घेऊन डॅलसमधल्या एका महागड्या हॉटेलात जेवायला बसले. बिल झालं 54,896 डॉलर, त्या वेळच्या दराने साधारण 25 लाख रुपये. भरलं ब्रायंटने.

नव्याने जुन्यांना जेवू घालायचं, ही अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधली जुनीच रीत. जुने मग यादीतली सगळ्यात महाग दारू मागवतात. तिथे भूक कुणालाच नसते, बिल हातात पडल्यावर नव्याचा चेहरा कसा होतो तो पाहायचा असतो. ब्रायंट खेळाडू-निवडीच्या पहिल्या फेरीतला, म्हणजे चांगल्या पैशांचा, त्याला ते झेपलं. पण खेळाडूंच्या संघटनेच्या हिशोबाने तिथली सरासरी कारकीर्द जेमतेम सव्वातीन वर्षांची. पुढच्या महिन्यात संघात असू की नाही याची खात्री नसलेला पोरगाही त्याच टेबलावर बसलेला असतो.

गंमत म्हणून सुरू झालेलं कुठवर जातं ते त्याच लीगमधल्या मायामी डॉल्फिन्स संघाने दाखवलं. त्यांचा जोनाथन मार्टिन हा साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचा, सुमारे 140 किलो वजनाचा धिप्पाड गडी. ज्या लास वेगासच्या सहलीला त्याला जायचंच नव्हतं, तिच्यासाठी त्याच्याकडून 15,000 डॉलर मागितले गेले. ऑक्टोबर 2013 मध्ये एकदा तो ताट घेऊन सहकाऱ्यांच्या टेबलावर बसला आणि बाकीचे सगळे उठून गेले. त्याने ताट आपटलं आणि संघ सोडला. फेब्रुवारी 2014 मध्ये वकील टेड वेल्स यांचा चौकशी अहवाल आला. तीन सहकाऱ्यांनी त्याचा सातत्याने छळ केला, असा त्याचा निष्कर्ष होता. एवढ्या ताकदीच्या माणसाला मोडायला पंगतीतून उठून जाणं पुरलं, हे त्या प्रकरणातलं मला सर्वांत भयंकर वाटतं.

हे सगळं उज्जैनमध्ये बसून लिहायचं कारण मंगलनाथच्या वाटेवरचा सांदीपनी आश्रम. गोमती कुंडापाशी येणाऱ्या भाविकांना चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकलेला कृष्ण आठवतो. मला आठवते ती भागवताच्या दशम स्कंधातली लाकूडफाट्याची गोष्ट. गुरुपत्नीने कृष्ण-सुदाम्याला रानात सरपणाला धाडलं. अवकाळी पाऊस कोसळला, अंधार पडला, वाट सापडेना. दोघे एकमेकांचा हात धरून रात्रभर रानात. म्हणजे नव्या शिष्याला कष्ट आपल्याकडेही होतेच, आणि चांगले सडकून होते. पण पहाट होताच गुरू सांदीपनी स्वतः त्यांना शोधत रानात गेले, माझ्यासाठी पोरांनी जीव धोक्यात घातला म्हणून कळवळले.

ब्रायंटच्या गोष्टीत असा शोधत येणारा कुणी नाही. पॅड वाहायला लावणं मला तितकंसं गैर वाटत नाही. तालमीत नवा पोरगा माती उकरतो, थंडाईसाठी बदाम वाटतो, थोरल्या पैलवानाचं अंग रगडून देतो. याच उज्जैनच्या आखाड्यांत मल्लखांबावर नवखा चढला की खाली थोरला हात पसरून उभा असतो. थोरल्याकडून ही परतफेड होते, तोवर सेवेला सेवा म्हणता येतं. ती थांबली की उरते वेठबिगारी, मग तिला परंपरा म्हणा नाहीतर संघभावना.

आणि आश्रमात बिल नव्हतं का? होतं की, आणि जबरदस्त होतं. गुरुदक्षिणा म्हणून सांदीपनींनी कृष्णाकडे समुद्रात गेलेला आपला मुलगाच मागितला. पण मागितला तो शिकवून झाल्यावर, आणि ज्याला आणता येईल अशाकडे. सुदाम्याकडे असं काही मागितल्याचं भागवत सांगत नाही.

‘आम्हीही भरलं होतं’ हा जुन्यांचा ठरलेला युक्तिवाद. सासूने सोसलं म्हणून सुनेने सोसायचं, त्याच चालीचा. चेष्टामस्करीने माणसं जवळ येतात, हे मात्र खरं आहे. भारतीय संघात नवा आलेल्या विराट कोहलीला सहकाऱ्यांनी पढवलं होतं की नवख्याने सचिनच्या पाया पडायचंच असतं. तो खरोखर वाकला, सचिन चकित, बाकीचे हसून बेजार. कोहली आज तो किस्सा स्वतःच रंगवून सांगतो. त्याच्या खिशाला हात लागला नव्हता आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पंगतीतून कुणी उठून गेलं नव्हतं.

आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 साली रॅगिंगविरोधी नियम केले. रॅगिंग म्हटलं की आपल्याला मारहाण, शिवीगाळ आठवते. त्या नियमांत मात्र नव्या विद्यार्थ्यावर जबरदस्तीने खर्चाचा बोजा टाकणं हेही स्पष्टपणे रॅगिंगमध्ये मोडतं. महाराष्ट्राने तर 1999 मध्येच रॅगिंगविरुद्ध कायदा केला होता. ब्रायंटचं जेवण एखाद्या कॉलेजच्या वसतिगृहात झालं असतं तर प्राचार्यांपुढे तक्रार गेली असती. व्यावसायिक संघाला, बँकेच्या शाखेला, सॉफ्टवेअर कंपनीला हा नियम लागू नाही. तिथे मोठी माणसं असतात आणि मोठी माणसं राजीखुशीने पैसे देतात, असं आपण धरून चालतो.

ती राजीखुशी तपासून बघावी. त्याच अमेरिकन लीगमध्ये चॅम्पियन ठरलेल्या दोन संघांतून खेळलेला टॉरी स्मिथ 2022 मध्ये या जेवणांवर उघड तुटून पडला. पैशाचं गणित कळायच्या आत पोरं इथे येतात, त्यांच्या घरी खऱ्या अडचणी असतात, आणि आपण पन्नास हजार डॉलरच्या जेवणाचं कौतुक करतो, असा त्याचा राग होता. जुन्यांपैकीच कुणीतरी हे बोलावं लागतं. नव्याने बोललं तर तो रडका ठरतो. ब्रायंटने एकदा नाही म्हटलं, त्याचं पुढे काय झालं ते वर आलंच आहे.

आपल्याकडे पहिला पगार झाला की ‘पार्टी कधी?’ हा प्रश्न टेबलाटेबलावरून येतो. विचारणाऱ्यांत वीस वर्षं नोकरी झालेले असतात, आणि विचारलेल्याने खोलीचं डिपॉझिट उसनं घेऊन भरलेलं असतं. कॉलेजांत निदान फ्रेशर्स पार्टी सीनियर देतात. ऑफिसातही पार्टी जरूर व्हावी, अगदी दणक्यात व्हावी. नव्याने पेढे आणावेत, जेवणाचं बिल साहेबांनी भरावं.