मंदिराचे छप्पर कोणी घालावे?

मृगाचा पाऊस जवळ आला म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतील अनेक मंडळ्यांमध्ये एक जुनाच विषय पुन्हा निघतो. मंदिराचे छप्पर गळते, भिंतीला तडा गेला आहे, भर उपासनेत बायकांना मुले घेऊन कोरड्या कोपऱ्यात सरकावे लागते. दुरुस्ती केली पाहिजे, याविषयी कोणाचे दुमत नसते. मग सभा भरते, खर्चाचा अंदाज वाचला जातो आणि तेथून मतभेद सुरू होतात. आपण समजतो की हा प्रश्न पैशाचा आहे. परंतु, प्रिय बंधुभगिनींनो, शांतपणे विचार केल्यास असे दिसून येईल की हा प्रश्न पैशाचा थोडा आणि नीतीचा फार आहे. देवाच्या घरासाठी पैसा गोळा करताना देवाच्या लेकरांपैकी कोणास लहान करण्याचा अधिकार आपणांस आहे काय, हाच तो प्रश्न होय.

पवित्र शास्त्रात या विषयावर एक अत्यंत व्यावहारिक अध्याय आहे, तो म्हणजे दुसरे राजे याचा बारावा. यहोआश राजाने मंदिराच्या डागडुजीचे काम याजकांवर सोपवले होते. परंतु त्याच्या कारकिर्दीचे २३ वे वर्ष आले तरी पडझड होती तशीच होती. पैसा येत होता, काम होत नव्हते. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणास भोक पाडले आणि ती वेदीजवळ, आत येणाऱ्याच्या उजव्या हातास ठेवली. पेटीत पुष्कळ पैसा जमला म्हणजे राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मिळून तो मोजीत. तो पैसा सुतार, गवंडी व पाथरवट यांच्या मजुरीस आणि लाकूड व घडीव दगड घेण्यास जाई. काम चालू असता त्यातून रुप्याची पात्रे केली नाहीत. या साध्या हकिकतीत तीन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पैसा एकट्याने मोजला नाही. पडझड आधी आणि शोभा मागाहून, असा क्रम राहिला. आणि रुपे एकदा पेटीत पडले म्हणजे कोणते कोणाचे हे निवडता येत नसे.

आपल्या मराठी मंडळ्यांचा इतिहासही येथे आठवावा. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे काम सुरू केले. खेड्यांतील कितीतरी मंदिरे ही शाळेचीही घरे होती. आठवडाभर तेथे मुले शिकत आणि रविवारी तेथेच उपासना होई. भिंती मातीच्या आणि वर मातीचेच धाबे, जे पावसाळ्यापूर्वी नव्या मातीने नीट करावे लागे. या कामाचा खर्च पुष्कळ अंशी समुद्रापलीकडून येई. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे १८५४-५५ मध्ये या देशात येऊन गेले. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण चालवावा व सुवार्ता आपण पसरवावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९१७ मध्ये रे. नारायण वामन टिळक यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, त्यामागेही ख्रिस्ताचे कार्य येथल्या माणसांनी आपले म्हणून हाती घ्यावे, हीच तळमळ होती. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. १९७६ पासून परदेशी देणग्यांवर कायद्याचे नियंत्रण आले. आज गळणारे छप्पर पाहून समुद्राकडे तोंड करण्यात अर्थ उरला नाही. तथापि जुनी सवय सहजी जात नाही. पूर्वी आपण साहेबाची वाट पाहत होतो. आता शहरात बरे कमावणाऱ्या कोणा एकाची पाहतो.

अशी एक मंडळी डोळ्यांपुढे आणा. चाळीस घरे आहेत. काहींची थोडी शेती आहे, दोघेतिघे शिक्षक आहेत, बाकीचे मजुरी करतात. दुरुस्तीचा अंदाज चार लाख रुपयांचा निघाला. पंचांपैकी एकाने हिशेब मांडला की दर घरी दहा हजार. म्हणजे वाद नको, भेदही नको. दुसऱ्याने सांगितले की मुंबईस असलेला आपल्यांतलाच एक गृहस्थ सर्वच्या सर्व रक्कम देण्यास तयार आहे. त्याची इच्छा एवढीच की दारावर त्याच्या वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी लागावी. दोन्ही सूचना सद्हेतूच्या आहेत. दोन्हींत काय लपले आहे ते पाहू.

प्रथम सारखी वर्गणी घ्या. ती न्यायाची दिसते. कोणी जाणते वडील म्हणतील की निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात श्रीमंताने अधिक देऊ नये व गरिबाने कमी देऊ नये, असा नियमच आहे. ते खरे आहे. परंतु तो नियम अर्ध्या शेकेलाचा होता. ती रक्कम मुळातच अशी लहान होती की गरिबासही ती देता यावी. सारखेपणा हवा असेल तर तो सर्वांत गरिबाच्या ऐपतीवरून मोजावा, सर्वांत सधनाच्या सोयीवरून नव्हे. दहा हजार रुपये शिक्षकास जड वाटतील. रोजाने खुरपणीस जाणाऱ्या विधवेस ते अशक्य आहेत. ती सभेत बोलणार नाही. पुढच्या रविवारी भरलेल्या व थकलेल्या नावांची यादी वाचली जाईल, आणि त्याच्या पुढच्या रविवारी तिची जागा रिकामी दिसेल. उपदेशक विचारपूस करण्यास गेले तर ती म्हणेल, “दादा, रविवारचं शेतावर काम लागलंय.” ते कारण खरे नसते, हे ती जाणते आणि उपदेशकही जाणतात. मंदिरास नवे छप्पर मिळाले, पण त्याखाली बसणारे एक माणूस कमी झाले. हा हिशेब कोणत्या वहीत लिहावा?

आता पाटीचा विचार करू. ज्या मुलास आपल्या वडिलांचे स्मरण राहावे असे वाटते, त्यास दोष देऊ नये. कृतज्ञता हा सद्गुण आहे, आणि शहरात जाऊन गावची मंडळी न विसरणे हेही थोडे नव्हे. परंतु त्या दारातून उद्या जे आत येतील त्यांचा विचार करा. आपल्यांतील कित्येकांच्या आज्यापणज्यांना गावच्या देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती. ज्या घरात कोणी वरचा नाही व कोणी खालचा नाही असे घर त्यांना प्रभूच्या नावाने प्रथम मिळाले. त्याच घराच्या कपाळावर एका कुळाचे नाव कोरले म्हणजे बाकीची एकोणचाळीस घरे त्या कुळाची पाहुणी होतात. पुढे मंडळीत मतभेद झाला तर कोणीतरी पाटीकडे बोट दाखवील, आणि मग खरे बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येईल. दावीद राजाची गोष्ट आपणांस ठाऊकच आहे. अरवनाने खळे, बैल व लाकडे फुकट देऊ केली, तरी ज्यास आपणांस काही द्यावे लागले नाही असे अर्पण देवास करण्याचे त्याने नाकारले. फुकट मिळालेले छप्पर पाऊस अडवील. पण ज्या मंडळीने त्यासाठी काहीच दिले नाही, तिचे ते अर्पण कसे होईल?

यावर एक आक्षेप येतो व तो हलका नाही. पाऊस तत्त्वज्ञानासाठी थांबत नाही. उद्या तुळई खाली आली तर? चार लाख हातचे घालवून गरिबांनी आणखी दोन पावसाळे भिजत काढावे काय? मी प्रामाणिकपणे सांगतो की तुळई धोक्याची असेल तर त्याखाली एकही दिवस बसू नये. उपासना कोणाच्या ओसरीवर किंवा झाडाखाली भरवावी. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्या घरांतूनच जमत असत आणि त्यांच्या विश्वासास त्यामुळे उणेपणा आला नाही. धोका नसेल व केवळ गळत असेल, तर ताडपत्री बांधून एक पावसाळा काढता येतो. एकदा लाजेने बाहेर गेलेले माणूस मात्र एका पावसाळ्यात परत येत नाही. म्हणून दोहोंपैकी एकच वाचवता येत असेल तर मी माणूस वाचवावे म्हणेन.

परंतु बहुधा दोन्ही वाचवता येतात. मुंबईच्या त्या बंधूस मंडळीने प्रेमाने लिहावे: “दादा, तुमचे दान आम्हांस हवे आहे, पण आधी आम्हांस आमचा वाटा उचलू द्या, आणि मग तुमचेही दान आमच्याबरोबर त्याच पेटीत पडू द्या. तुमच्या वडिलांचे नाव आम्ही प्रार्थनेत घेऊ.” तो खरा असेल तर रागावणार नाही. त्याने हात आखडता घेतला, तर ते दान कशासाठी होते हे त्यालाही कळेल व आपणांसही. मंडळीचा वाटा पैशातच असावा असे नाही. कोणी वाळूची खेप आणील, कोणी धान्याची पायली देईल, कोणी दोन दिवस गवंड्याच्या हाताखाली उभा राहील. त्या विधवेने एक दिवस पाणी वाहिले तर तेही त्याच वहीत, त्याच शाईने लिहावे. वही पंचांपाशी असावी. नावे वाचून दाखवू नयेत. एकूण जमा व खर्च मात्र दर महिन्यास दारावर लावावा, आणि पैसे दोघांनी मोजावे. दान गुप्त असावे, पण हिशेब उघडा असावा. आपल्याकडे पुष्कळदा याच्या उलट घडते.

निर्णयाविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. ज्यांना द्यावे लागणार त्यांनी ठरवावे, एवढ्याने पुरत नाही. ज्यांना देता येत नाही त्यांनाही विचारावे. स्त्रिया सभेत मागे बसतात म्हणून त्यांचे मत नाही असे समजू नये. गळक्या जागेचा अनुभव त्यांनाच अधिक असतो. आधी छप्पर, मग भिंत, मग फरशी व रंग, हा क्रम सोडू नये. काळ्या जमिनीवरील घरास तडे का जातात, हे जाणत्या गवंड्यास विचारावे. ती जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते, तेव्हा पाया न पाहता वरून गिलावा केल्यास तडा पुन्हा येतो. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा जाड थर देण्यापूर्वीही विचार करावा, कारण आत शिरलेली ओल मग बाहेर निघत नाही. आणि ऋण काढून सण करू नये. ज्या कर्जाचे हप्ते पुढच्या पाळकाच्या पगारातून कापावे लागतील ते कर्ज म्हणजे दुसऱ्याच्या ताटातून केलेले दान होय.

शेवटी उपदेशक बंधूंस एक विनंती. दुरुस्ती पुरी होईल, उपकारस्तुतीचा दिवस येईल, मोठे पाहुणे येतील, हार घातले जातील. त्या दिवशी आपण वर छपराकडे पाहू नये. खाली लोकांकडे पाहावे. गेल्या वर्षी गळक्या छपराखाली जे जे बसत होते ते सर्व नव्या छपराखाली आहेत काय, हे एकेक चेहरा पाहून मोजावे. एक जरी कमी असेल, तर हार घेण्यापूर्वी त्याच्या घरी जावे. दुरुस्तीचे तेवढे काम अजून राहिले आहे.