उतरणाऱ्या थरांचा हिशेब

2025च्या ऑगस्टमध्ये आठवड्याभराच्या अंतराने दहीहंडीच्या दोन बातम्या आल्या. दहिसरच्या केतकीपाड्यात सराव चालू असताना 11 वर्षांचा मुलगा थरावरून पडून दगावला. पुढे 16 तारखेला जोगेश्वरीच्या कोकण नगर गोविंदा पथकाने ठाण्यात 10 थर लावले. पहिली बातमी दोन दिवसांत मागे पडली. दुसरीची चित्रफीत महिनाभर फिरत राहिली. दोन पथकांचा एकमेकांशी संबंध नाही, पण दोन्ही घटनांच्या मागे मोजमाप एकच आहे. घाटकोपरपासून मागाठाण्यापर्यंत उपनगरातल्या कोणत्याही मोठ्या हंडीचा फलक वाचा: सात थरांना इतके, आठला इतके, नऊला इतके. पैसा थर मोजतो, म्हणून पथकही थर मोजते. बऱ्याच ठिकाणी वरच्या बालगोविंदाने हात उंचावून सलामी दिली की काम फत्ते, मग खालचे थर कसेही कोसळोत. थरार राखून धोका कमी करायचा असेल, तर उंचीवर कात्री चालवण्याआधी ही बक्षिसाची रीत बदलावी लागेल, असे माझे म्हणणे आहे.

धोका कमी केला तर मजा जाते, हा समज किती खरा आहे हे पाहायला व्यावसायिक कुस्तीसारखे उदाहरण नाही. मुंबईला ती नवी नाही. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारा सिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना झुंबड उडे. या कुस्तीत समोरच्याला आपटणाऱ्याचे कसब त्याला सांभाळून खाली आणण्यात असते. ते कसब चुकले की काय होते हे 1997 मध्ये अमेरिकेतल्या रिंगमध्ये दिसले. ओवेन हार्ट या पैलवानाने मारलेल्या पाइलड्रायव्हर या डावात प्रतिस्पर्धी स्टीव्ह ऑस्टिनची मान जायबंदी झाली. दोन वर्षांनी खुद्द हार्ट कॅन्सस सिटीत छताकडून दोरीने रिंगमध्ये उतरताना पडून मेला, आणि त्या रात्रीचा खेळ तरीही पुढे चालू राहिला. ही निर्ढावलेली वृत्ती त्या धंद्यात कायम टिकली नाही. 2010 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्ती कंपनीने डोक्यात खुर्ची हाणणे बंद केले. चाहत्यांनी कुरकूर केली, पण प्रेक्षक उठून गेले नाहीत. खुर्ची पाठीत बसली तरी लोक ओरडतातच. प्रेक्षकाला धोक्याचा भास हवा असतो आणि त्या भासावर माणसाने मिळवलेला ताबा पाहायचा असतो. कवटी फुटण्याची त्याची मागणी नसते.

तुलना इथे थोडी आखडती घ्यायला हवी. पैलवानांचे आपसांत ठरलेले असते. गोविंदांचे गुरुत्वाकर्षणाशी काही ठरलेले नसते. थर खोटे लावता येत नाहीत. म्हणूनच न्यायालयाला यात यावे लागले. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 18 वर्षांखालच्यांना मनाई केली आणि उंची 20 फुटांवर आणली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंधने कायम ठेवली, तेव्हा दादरमध्ये शिडी लावून हंडी फोडत गोविंदांनी निषेध केला. त्या निषेधाची टवाळी झाली, पण तो मुद्द्याला धरून होता: शिडीने फोडलेल्या हंडीत पाहण्यासारखे काही उरत नाही. 2017 मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात परतले. वयाची अट 14वर आली, उंचीचा निर्णय विधिमंडळाचा म्हणून मोकळा राहिला. 2022 मध्ये सरकारने साहसी खेळाचा दर्जा दिला आणि मृत्यू झाल्यास 10 लाखांची मदत जाहीर केली. म्हणजे एका टोकाला बंदी आणि दुसऱ्या टोकाला भरपाई. मधली जागा, जिथे माणूस खरा पडतो, ती रिकामीच राहिली.

ती जागा जवळून पाहिली की फुटांतल्या मर्यादेचा फोलपणा कळतो. हेल्मेट नसलेले डोके डांबरावर आपटले तर 20 फूटही पुरेसे होतात. वरच्या बालगोविंदाच्या कमरेला पट्टा आणि क्रेनवरून आलेली दोरी असते. थर कोसळले तरी तो हवेत लोंबकळत राहतो आणि मंडपातले लोक टाळ्या वाजवतात. पण दोरी वाचवते एकालाच. तिसऱ्या-चौथ्या थरातल्या पोराच्या खांद्यावर, मानेवर वरची माणसे येतात, आणि तो स्वतः तळातल्या कोणाच्या तरी पाठीवर जातो. शिवाय पथक दिवसभर ट्रकमधून मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, ठाणे असे फिरते. सकाळी सहज लागलेले सात थर रात्री दहाला, भिजलेल्या अंगाने, सुजलेल्या खांद्यांवर लावायचे असतात. राजावाडी, कूपर, केईएम यांचे अपघात विभाग त्या दिवशी तयारच असतात. 2025 मध्ये मुंबईत जखमींची संख्या 300च्या वर गेली. त्यातले बहुतेक मलमपट्टी करून घरी गेले हे खरे. मणक्याला मार बसलेल्याला त्या आकडेवारीचा काय उपयोग?

याच खेळाचे चुलत भावंड स्पेनच्या कॅटालोनियात आहे. तिथले मानवी मनोरे 2010 पासून युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आहेत, आणि अपघात तिथेही झाले. 2006 मध्ये मातारो शहराच्या पथकातली 12 वर्षांची मुलगी पडून दगावली. त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर खास हेल्मेट आले. मनोऱ्याच्या पायाभोवती शेकडो माणसांचा गच्च गराडा असतो, तो वरच्यांना आधार देतो आणि पडणाऱ्याला अंगावर झेलतो. पण मला त्यांच्याकडून घ्यावीशी वाटते ती गुण देण्याची पद्धत. तारागोनाच्या स्पर्धेत प्रत्येक मनोऱ्याला दोन वेगळे गुण असतात: नुसता पूर्ण उभा राहिला तर कमी, आणि सुखरूप उतरला तर जास्त. मनोरा थरथरतोय असे वाटून मधूनच शिस्तीत उतरवला, तर त्याची नोंदही कोसळलेल्या मनोऱ्यापेक्षा वेगळी होते. यामुळे माघार घेणाऱ्या प्रमुखाला तोंड लपवावे लागत नाही. आपल्याकडे सातवा थर न लावता उतरलेल्या पथकाला माइकवरून काय काय ऐकावे लागते, हे सांगायला नको. गंमत म्हणजे कॅटालोनियात उतरतानाचा श्वास रोखलेला काळ हाच प्रेक्षकांच्या लेखी सर्वांत थरारक असतो.

यावर पथकांची बाजू अशी की छोट्या पथकाला मोठ्या रकमेशिवाय टी-शर्ट, ट्रक, जेवण यांचा खर्च भागत नाही. उतरण्याची अट घातली तर पैसे जयजवानसारख्या मुरलेल्या पथकांकडेच जातील. आक्षेप रास्त आहे, पण आजही नऊ थरांचे पैसे त्यांच्याकडेच जातात. उलट सहा थर स्वच्छ लावून स्वच्छ उतरवणाऱ्याला कोसळलेल्या आठ थरांपेक्षा जास्त मिळाले, तर छोट्यांनाच संधी आहे. दुसरा आक्षेप परंपरेचा: पडणे, उठणे, पुन्हा चढणे हाच गोविंदा. पण लाखांची बक्षिसे, क्रेन, प्रायोजकांचे फलक आणि वरळीच्या त्याच स्टेडियममधली प्रो गोविंदा लीग हे सारे परंपरेने पचवले असेल, तर एक गुणपत्रक तिला जड जाऊ नये. परंपरेचा दाखला खर्चाच्या बाबतीत कधी आठवत नाही, हेही लक्षात घ्यावे.

माझ्या युक्तिवादातली खरी अडचण वेगळीच आहे. दहिसरचा मुलगा कोणत्याही बक्षिसाच्या मंचासमोर पडला नाही. गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सुरू होणारा सराव गल्लीत, शाळेच्या पटांगणात, चाळींच्या मधल्या फरसबंदीवर चालतो. तिथे ना क्रेन, ना कॅमेरा, ना पंच. हंडीच्या दिवशीचे गुण तिथवर पोहोचायचे तर बक्षीस घेणाऱ्या पथकाने सरावाची जागा वॉर्ड कार्यालयात नोंदवलेली असावी, तिथे मॅट आणि हेल्मेट असल्याचे कोणीतरी पाहिलेले असावे, आणि चढणाऱ्या मुलाच्या वयाचा दाखला हंडीच्या सकाळी नव्हे, सरावाच्या पहिल्या रात्री तपासलेला असावा. मॅटचा खर्च आयोजकांनी उचलावा. एका संध्याकाळच्या डीजेला आणि पाहुण्या तारकेला ते जे देतात, त्यात दोन-चार पथकांच्या मॅट सहज येतील.