पहिलं गिऱ्हाईक

"योजना ढीगभर आहेत, पोरांत धमक नाही," असं एक कारखानदार भर सभेत म्हणाले आणि टाळ्या पडल्या. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

मुद्रा, महात्मा फुले महामंडळाचं बीजभांडवल, अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा, शिवाय जामीनदारासाठीचे हेलपाटे, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. पण भांडवल मिळणं वेगळं आणि गिऱ्हाईक मिळणं वेगळं. शाहू महाराजांनी हा फरक ओळखला होता. हौदाला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या पागेतल्या गंगाराम कांबळेंना त्यांनी पैसे देऊन भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. अस्पृश्याच्या हातचा म्हणून चहाला कोणी फिरकेना. आजचा कर्जमेळावा इथंच संपतो. महाराजांनी मात्र हॉटेलासमोर गाडी थांबवली, स्वतः चहा घेतला आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. कोल्हापूर ही गोष्ट राजाच्या मोठ्या मनाची म्हणून सांगतं. मला ती बाजाराची जाण वाटते. आणि धमक म्हणाल तर बहिष्कारासमोर चूल पेटती ठेवणाऱ्या गंगारामांत ती होतीच.

आज जात विचारून कोणी ऑर्डर नाकारत नाही, असं ते कारखानदार म्हणतील. नसेल विचारत. पण पहिली ऑर्डर मिळते ती ओळखीवर, आणि ओळख वाडवडिलांची असते. ऑर्डर मिळाली तरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुना लेथ घेऊन कास्टिंगचं मशीनिंग करणाऱ्या पोराचं बिल तीन-तीन महिने अडकतं. लेथचा हप्ता, लाइट बिल, कामगाराचा पगार तेवढं थांबत नाहीत. घरचा पैसा असलेला तग धरतो, दुसरा लेथ विकतो. ४५ दिवसांत पैसे द्या, असं लघुउद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. पण तक्रार केली की पुढचं काम गेलं.

म्हणजे नुसतं गिऱ्हाईक पुरत नाही, वेळेवर पैसे देणारं गिऱ्हाईक लागतं. सरकारनं अजून काही करावं, असं मी लिहिणार होतो. पण सरकार स्वतः गिऱ्हाईक झालेलंच आहे: केंद्राच्या खरेदी धोरणात २०१२ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांना ४ टक्के वाटा आहे. तो केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांपुरता. शिरोली, गोकुळ शिरगावच्या खासगी कारखान्यांना तो लागू नाही. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासांसाठी ५० टक्के राखीव जागा ठेवणाऱ्या शाहूंच्या कोल्हापूरनं आता खासगी खरेदीतही असा वाटा मागावा, आणि तो कायद्यानं मागावा.