पहिल्या आघाताच्या वेळचा सब्र



विडी-सिगारेट सोडण्याचा निश्चय एका क्षणात होतो. त्याची खरी परीक्षा पुढच्या काही दिवसांत असते. एक स्त्री कबरीजवळ शोक करीत होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिला सब्र करण्यास सांगितले, तेव्हा तिने त्यांना न ओळखता झिडकारले. ओळख पटल्यावर ती त्यांच्या दारी आली. त्या वेळी प्रेषितांनी (स.) तिला समजावले, की खरा सब्र पहिल्या आघाताच्या वेळचाच असतो. ही हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे.

व्यसनमुक्तीतही पहिला आघातच सर्वांत कठोर असतो. निकोटीनला सरावलेले शरीर काही तासांतच मागणी करू लागते. चिडचिड, बेचैनी, झोपमोड, वाढलेली भूक ही लक्षणे बहुधा पहिल्या ३ दिवसांत तीव्र असतात आणि २ ते ४ आठवड्यांत ओसरतात. काहींचा खोकला वाढतो. श्वासनलिका स्वतःला स्वच्छ करू लागल्याची ती खूण असू शकते. हा त्रास म्हणजे तुमच्या ईमानचा दुबळेपणा नव्हे. तो शरीराचा हिशेब आहे आणि तो मिटणारा आहे.

सब्र म्हणजे हात बांधून सोसत बसणे नव्हे. सूरह अल्-बकरामध्ये सब्र आणि नमाज या दोहोंच्या आधारे मदत मागण्याचा आदेश आहे. तलफ बहुधा काही मिनिटांचीच असते. तेवढ्या वेळात उठून वुजू करा, मिसवाक करा, दोन रकात नफ्ल अदा करा. नफ्लची वेळ नसेल तर जिक्र करा. फजरनंतर पावले सवयीने टपरीकडे वळत असतील, तर घरचा रस्ता बदला. रमजानमध्ये सेहरीपासून इफ्तारपर्यंत तुम्ही विडीला हात लावत नाही. म्हणजे सामर्थ्य आहेच, ते केवळ सूर्यास्ताला संपू द्यायचे नाही. गरज भासल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्या. प्रेषितांनी (स.) उपचार करण्यास सांगितले आहे; औषध घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

या दिवसांतला मोठा धोका मात्र घरात असतो. धूर सुटला, पण त्याची आग पत्नी-मुलांवर पडली, तर काय कमावले? कुस्तीत दुसऱ्याला पाडणारा बलवान नसून रागात स्वतःला आवरणारा बलवान होय, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. राग आला तर उभे असाल तेथे बसा, तरीही शमला नाही तर आडवे व्हा. घरच्यांना आधीच सांगा, की काही दिवस मला सांभाळून घ्या. आणि भगिनींनो, त्याने खरोखर सोडले का, हे तपासण्यासाठी खिसे चाचपू नका. टोमण्याने निश्चय मोडतो, दुआने तो बळावतो.

एखादे वेळी पाय घसरलाच, तर शैतान कानात सांगेल की सारे संपले. ते खोटे आहे. एक विडी ओढली म्हणून दुसरी ओढणे भाग नसते. अल्लाहच्या कृपेपासून निराश होऊ नका, हे सूरह अज्-जुमरमधील आवाहन चुकलेल्यांसाठीच आहे. त्याच घटकेला तौबा करा, उरलेले पाकीट फेकून द्या आणि पुढची नमाज जमातीने अदा करा.

हे शरीर आपली मालमत्ता नव्हे, अल्लाहची अमानत आहे. ती सांभाळू पाहणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्या आघाताच्या वेळी सब्र देवो. आमीन.